देवरावांच्या आवाजाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना बोलका डबा आहे. तळहातापेक्षा थोडा मोठा, पांढऱ्या प्लास्टिकचा. समोर बारीक जाळी आणि तिच्याखाली अक्षरांची बटणे. मी आता बोलत नाही, पण कधीकाळी मी एका माणसाचा आवाज होतो. त्या माणसाची आणि त्याच्या मुलीची गोष्ट तुम्हाला सांगावी असे फार दिवसांपासून मनात आहे.

माझा जन्म अमरावतीच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्यात झाला. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड, एवढाच तो कारखाना. तिथे संत्र्याच्या बागांना ठिबकने पाणी सोडणारी यंत्रे बनत. मीही त्यांच्यातलाच एक. कोणत्या ओळीचा व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा आणि केव्हा बंद करायचा, एवढेच शिकून मी वरूडकडच्या एखाद्या बागेत जाणार होतो.

मंजुषा त्या कारखान्यात प्रोग्राम लिहायची. पूर्वी एखाद्या बागायतदाराला पाण्याची वेळ बदलून हवी असली, की आख्खे यंत्र परत आणून त्यातला प्रोग्राम नव्याने भरावा लागे. मंजुषाला ते पटत नसे. मोठ्या संगणकावर चालणारे एक स्क्रिप्ट इंजिन तिच्या पाहण्यात होते. साध्या ओळींत नियम लिहायचे, इंजिन त्या ओळी वाचणार आणि तसे वागणार. नियम बदलला की वागणे बदलले. हे इंजिन तिने माझ्या स्वस्त, लहान चिपवर उतरवायचे ठरवले.

सोपे नव्हते ते. मोठ्या संगणकात दशांश अपूर्णांक लिहायला ऐसपैस जागा असते. एका आकड्यात पंधरा-सोळा अंक आरामात मावतात. माझ्याजवळ तेवढी जागा नव्हती, आणि असले लांबलचक आकडे मिळवताना-गुणताना मी फार रेंगाळत असे. म्हणून तिने इंजिनातले सगळे आकडे आखूड केले. सातेक अंक मावतील, एवढेच ठेवले. शेजारच्या टेबलावर विपुल बसायचा. तो हसून म्हणाला, "पाणी सोडाले सात आकडे लय झाले, मंजू. तुले काय चंद्रावर जाचं हाय?"

आणि खरेच पुरले. माझी भावंडे वरूड-मोर्शीच्या बागांत गेली आणि आजही वेळेवर पाणी सोडत आहेत. मी मात्र मागे राहिलो. त्याला कारण मंजुषाचे बाबा, देवराव.

देवरावांचे गाव मोर्शीजवळ. थोडी संत्र्याची झाडे, थोडी कपाशी, पोटापुरते सारे ठीक होते. पण पंचक्रोशीत त्यांना ओळखत ते त्यांच्या आवाजामुळे. हिवाळ्यात गावोगावी शंकरपट भरायचे, बैलजोड्या धावायच्या, आणि माइक देवरावांच्या हाती असायचा. "सोडली! सोडली रे जोडी! माती दिसते, पन बैल दिसून नाही राह्यले!" अशी त्यांची आरोळी भोंग्यातून उठली, की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चहा पिणारा माणूस कप खाली ठेवून पळत यायचा. मधली काही वर्षे शर्यतींवर बंदी आली. त्या वर्षांत देवराव लग्नाच्या पंगतीतसुद्धा फारसे बोलत नसत, असे कौशल्याबाई सांगत. कौशल्याबाई म्हणजे मंजुषाची आई. बंदी उठली, पट पुन्हा सुरू झाले, देवरावांनी पुन्हा माइक धरला. आणि दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांचा घसा बसला तो सुटेना.

आधी काढा झाला, मग मोर्शीतला डॉक्टर झाला, मग अकोल्याचा मोठा दवाखाना. तिथल्या डॉक्टरांनी मंजुषाला बाहेर बोलावून सांगितले, की घशात गाठ आहे आणि जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावे लागेल.

ती आत आली तेव्हा देवरावांनीच विचारले, "आवाज जाते ना?"

मंजुषाने त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "लय वापरला."

ऑपरेशनच्या आधीचे दिवस मंजुषाने बाबांना बोलते ठेवले. त्यांच्याकडून पेपर वाचून घेतला, गावांची नावे घेतली, घरातली रोजची वाक्ये म्हणवून घेतली. आवाज तेव्हा घोगरा झाला होता. म्हणून तिने लोकांच्या मोबाइलमधून जुन्या पटांचे व्हिडिओ गोळा केले आणि त्यांतला स्वच्छ आवाज वेचून काढला. मग ऑपरेशन झाले. देवराव घरी आले ते गळ्याला छिद्र आणि त्यावर पांढरी पट्टी घेऊन. कोणाला हाक मारायची तर ते स्टीलचा पेला खाटेच्या दांड्यावर आपटत. एकदा आपटला की पाणी, दोनदा आपटला की कौशल्या. ज्या घरात भोंग्यासारखा आवाज घुमायचा, तिथे आता पेला वाजायचा. मंजुषा शनिवारी अमरावतीहून येई आणि तो आवाज ऐकला की पायरीवरच थांबे.

तेव्हा तिने मला हाताशी घेतले. माझ्या व्हॉल्व्हच्या तारा काढल्या, जाळी बसवली, बटणे लावली. बाबांच्या आवाजाचे बारीक बारीक तुकडे माझ्या पोटात भरले. ते तुकडे कसे जोडायचे, कुठे सूर चढवायचा, प्रश्न विचारताना शेवट कसा उचलायचा, हे सगळे नियम तिने त्याच इंजिनासाठी लिहिले. देवराव वाक्याच्या शेवटी थोडे ओढून बोलायचे. तिने तेही लिहिले. आधी सगळे लॅपटॉपवर ऐकले, मग माझ्यावर उतरवले. दोन्हीकडे आवाज सारखाच आला. ती फार आनंदली.

देवरावांनी मला मांडीवर घेतले आणि एका बोटाने, सावकाश एकेक अक्षर शोधत पहिले वाक्य लिहिले. मी बोललो, "चहा ठेव वं."

कौशल्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून पाहिले नाही. नेहमीच्या सवयीने पातेले ठेवले, पाणी ओतले, आणि मग त्यांच्या हातातून साखरेचा डबा सुटला.

त्यानंतरचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले सुखाचे. गावातली माणसे मला पाहायला येत. शंकरपटाच्या कमिटीचे खुशालराव तर अर्धा अर्धा तास बसत आणि मुद्दाम वाद उकरून काढत, देवरावांनी त्यांना शिव्या द्याव्यात म्हणून. मी त्या दिल्या. खुशालराव डोळे पुसत म्हणाले, "आता बरं वाटलं, लेका."

पण मित्रांनो, एका संध्याकाळी देवरावांनी लिहिले, "भाकर झाली का?" आणि माझ्यातून आवाज निघाला तो फाटका. खरखरीत, थरथरणारा. कौशल्याबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या.

"तुमाले पुन्हा तरास होऊन राह्यला का?"

देवरावांनी हसून माझ्याकडे बोट दाखवले. त्यांचे काही दुखत नव्हते. पण कौशल्याबाई हसल्या नाहीत. "हा त्या दुखन्याचा आवाज हाय," त्या म्हणाल्या. "बंद करा त्याले."

मंजुषाला फोन गेला. ती म्हणाली, "आई, बंद करून चालू कर बरं." बंद करून चालू केले आणि आवाज पुन्हा लख्ख झाला. सगळ्यांना हायसे वाटले.

पुढच्या शनिवारी तिने मला तपासले. वायर लावून लॅपटॉपला जोडले. वायर लागली की मी नव्याने सुरू होत असे, आणि नव्याने सुरू झालो की माझा आवाज ठणठणीत असे. तिने दहा वाक्ये ऐकली. एकही चुकले नाही. विपुलने बॅटरीवर शंका घेतली, मग स्पीकरवर, मग उन्हाच्या तापण्यावर. तिने स्पीकर बदलला. बॅटरीही बदलली, आणि चांगली दणकट बसवली. आधीची बॅटरी लवकर उतरायची म्हणून देवराव दुपारी झोपताना मला बंद करत; त्या एका दिवशी तेवढे विसरले होते. आता बंद करायची गरज उरली नाही. सकाळी सुरू केलेला मी दिवे लागेपर्यंत जागाच राहू लागलो. म्हणजे ज्याने दुखणे वाढणार होते, तेच औषध म्हणून मला दिले गेले. पण हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

जानेवारीत गावात पट भरला. आदल्या दिवशी खुशालराव घरी आले. "माइक तुमचाच हाय, देवराव. डबा बोलला काय अन् तुमी बोलले काय, आवाज तं तोच ना?"

देवरावांनी नवा सदरा घातला. मंजुषाने माझी काही बटणे पटासाठी तयार करून दिली. एक दाबले की "सोडली!", दुसरे दाबले की गावाचे नाव. सकाळी कौशल्याबाईंनी मला सुरू करून त्यांच्या हाती दिले. मैदानात खुशालरावांनी माइक माझ्या जाळीसमोर बांधला. पहिली जोडी सुटली आणि माझ्यातून, भोंग्यातून, साऱ्या रानावर देवरावांचा आवाज गेला. लोक उठून उभे राहिले. कितीतरी जणांनी टोप्या हलवल्या. देवरावांचा चेहरा मंजुषाने त्या दिवशी जसा पाहिला, तसा तिने पुढे कधी पाहिला नाही.

शेवटच्या जोड्या उन्हे कलल्यावर सुटल्या. वरूडची जोडी आणि पलीकडच्या गावची जोडी. देवरावांनी बटण दाबले, आणि मी फाटलो. "सोडली" हा शब्द किरकिरत, कापत बाहेर पडला. भोंग्याने ती किरकिर दसपट केली. मागच्या बाजूने कोणीतरी ओरडले, "डब्याले खोकला झाला रे!" आणि हशा पिकला.

देवरावांना आधी कळले नाही. बैलांचे काही झाले असेल असे समजून तेही वळून हसले. मग पुढचे बटण त्यांनी दाबले आणि माझा आवाज त्यांच्या स्वतःच्या कानावर पडला. मंजुषा व्यासपीठाकडे धावली. हात पुढे करून म्हणाली, "बाबा, द्या. बंद करून चालू करतो, एकच मिनिट."

त्यांनी मला दिले नाही. लहान लेकराच्या तोंडावर हात ठेवावा, तसा माझ्या जाळीवर तळहात ठेवून ते उभे राहिले. जोड्या धावून गेल्या. कोण जिंकले ते कोणी सांगितले नाही. खुशालरावांनी माइक सोडवून घेतला आणि ते गर्दीवर ओरडले, "दात काहून काढता बे? तुमच्या बापानं केलं असतं का एवढं?" मैदान गप्प झाले. पण झालेला हशा कोणाला परत घेता येतो?

घरी आल्यावर देवरावांनी मला कपाटाच्या माथ्यावर ठेवले, भिंतीकडे तोंड करून. रात्रीच्या जेवणाला पुन्हा पेला वाजला.

मंजुषाने मला परत अमरावतीला नेले. रविवारी कारखान्यात कोणी नव्हते. सकाळी तिने मला टेबलावर ठेवून सुरू केले, आणि या वेळी वायर आधीच लावून ठेवली. मग मला हात लावला नाही. मी दर थोड्या वेळाने एकच वाक्य म्हणत होतो, आणि त्या वाक्यासाठी केलेली माझी सगळी गणिते तिच्या लॅपटॉपवर उमटत होती. सकाळी सुराची रेघ धाग्यासारखी गुळगुळीत होती. दुपारी तिच्यावर बारीक दाते दिसू लागले. ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेले, तोवर ती रेघ जिन्याच्या पायऱ्यांसारखी झाली होती. आणि आवाज तोच, मैदानावरचा.

विपुल तिच्यासाठी खायला गिला वडा घेऊन आला, तेव्हा ती रेघेकडे पाहत बसली होती.

"बॅटरी नाही, विपुल. स्पीकर नाही. मीच हाव."

"म्हंजे?"

"हा जागा झाल्यापासूनचे सेकंद मोजते. सकाळी सेकंद थोडे, तं मांगं बारीक आकडे लिवाले जागा राह्यते. दिवस चढला का पुढचा आकडा मोठा होते. जागा तं सातच अंकांची. मंग मांगचे बारीक आकडे गळून पडते. अन् आवाजाले तेच बारीक आकडे लागते."

विपुलने हातातला वडा टेबलावर ठेवला. "पाण्याले नाही लागले."

"पाण्याले काहून लागन? व्हॉल्व्ह जरासा मांगं-पुढं उघडला तं झाडाले काय समजते?" तिने माझ्या जाळीवर बोट टेकवले. "दर खेपेस मी त्याले झोपेतून उठवलं अन् इचारलं, बरा हायस का? तो बराच राह्यचा. दिवसभर त्याच्यापाशी बसलीच नाही मी."

दुरुस्ती अगदी थोड्या ओळींची निघाली. प्रत्येक वाक्यासाठी घड्याळ शून्यापासून धरायचे, आणि जागेपणीचा एकूण वेळ पूर्णांकात मोजायचा, म्हणजे काही गळणार नाही. त्या ओळी लिहून झाल्यावर ती टेबलावर डोके टेकून बराच वेळ बसली. वडा तसाच पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा सकाळपासून जागे ठेवले, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. रेघ गुळगुळीतच राहिली. पण ती मला घेऊन गावी पोचली, तोवर देवरावांचे दुखणे उलटले होते. गाठ छातीत उतरली होती. खाटेवरचे देवराव निम्मे झाले होते.

"बाबा," ती उशाशी बसून म्हणाली, "डब्याची चूक नव्हती. माही होती. आता नीट झाला. संध्याकाळीबी नीट राह्यते."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. नको, अशी. तिने पुन्हा विचारले नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, एका सकाळी, त्यांनी आपणहून माझ्याकडे बोट केले. कौशल्याबाईंनी मला सुरू करून दिले. त्या दिवशी त्यांनी मला बंद होऊ दिले नाही. दुपारी कौशल्याबाई बटणाकडे हात न्यायला लागल्या तर त्यांनी तो बाजूला सारला. दिवसभर ते फारसे बोलले नाहीत. पाणी मागितले, खिडकी उघडायला सांगितली. मंजुषाला कळले होते, ते संध्याकाळची वाट पाहत होते. ती कारखान्याला गेली नाही, अंगणात येरझारा घालत राहिली.

सांज झाली. त्यांनी तिला जवळ बोलावले आणि लिहायला घेतले. तयार बटणांतले त्यांनी एकही वापरले नाही. एकेक अक्षर वेचत, मध्ये दम खात, ते लिहीत राहिले. मग माझा आवाज मोठा करून त्यांनी बटण दाबले.

"सोडली! सोडली रे! आमची मंजी सोडली! मांगं पाहून नाही राह्यली, बाप्पा! गेली, गेली, गेली!"

शेवटचे "गेली" थोडे ओढलेले, जसे ते ओढत असत. कुठे दाता नाही, कुठे खरखर नाही. कौशल्याबाई उंबऱ्यावर उभ्या होत्या. मंजुषाने खाटेच्या दांड्यावर कपाळ टेकले, आणि देवराव तिच्या पाठीवर थापटत राहिले.

चैत्रात ते गेले.

तेरवीला खुशालराव आले. जेवणे आटोपल्यावर ते हळूच म्हणाले, "वहिनी, पुढच्या पटाले डबा द्याल का? मंजू लिहून देईन. त्याईचा आवाज मैदानावर राह्यला तं..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. कौशल्याबाईंनी त्यांच्यापुढचे ताट उचलले आणि त्या आत गेल्या.

पाहुणे पांगल्यावर मंजुषा मला घेऊन मागच्या खोलीत बसली. तिने मला सुरू केले. सावकाश, बाबा लिहीत तसे एका बोटाने, तिने लिहिले, "मंजू, तुही चूक नाही." आता फक्त एक बटण दाबायचे होते. दाबले असते तर मी बोललो असतो. कोण लिहिते हे मला कळत नाही, मित्रांनो. जो लिहील त्याचे मी देवरावांच्या आवाजात बोलतो.

तिचे बोट बटणावर थांबले होते. कौशल्याबाई दारात कधी आल्या ते तिला समजले नाही. त्यांना वाचता येत होते. त्यांनी वाचले.

"बाई," त्या म्हणाल्या, "जे थे बोलले नाही, ते त्याईच्या तोंडी नोको टाकू."

"मले एकदाच आयकाचं होतं, आई."

"मलेबी आयकाचं हाय. रोज आयकाचं हाय." त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "पन तो आवाज त्याईचा होता. आपला नाही."

मंजुषाने एकेक अक्षर पुसले. मग माझी बॅटरी काढली. दोघी तशाच बसून राहिल्या, अंधार पडला तरी कोणी दिवा लावायला उठले नाही.

आता मी कौशल्याबाईंच्या कपाटात, त्यांच्या ठेवणीतल्या साड्यांखाली आहे. कधीमधी त्या मला बाहेर काढतात, जाळीवरची धूळ पदराने पुसतात आणि पुन्हा ठेवून देतात. मंजुषाच्या कारखान्यात, ऐकतो ते असे, की नवे यंत्र आता दिवसभर तिच्या टेबलावर जागे राहिल्याशिवाय बाहेर जात नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी यंत्रे बनवील. त्याला माझे सांगणे, यंत्र माणसाजवळ जेवढा वेळ जागे राहणार असेल, तेवढा वेळ आधी त्याच्यापाशी बसा. आणि यंत्रे न बनवणाऱ्या सगळ्यांना एवढीच विनंती, की समोरच्या माणसाचा आवाज कधी फाटला, अडखळला, त्याला शब्द सापडेना, तर हसू नका. त्याच्या जागी तुम्हीही बोलू नका. त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत तिथून हलू नका.